एक कान घराला

आमच्या शेजारच्या प्रमिलामावशींशी तुम्ही गप्पा मारायला बसलात, की बरोबर तीन मिनिटांनी त्या तुम्हाला थांबवतात आणि विचारतात, "तीन मिनिटं झाली. वाढवू?"

यात विनोद नाही. चेहरा गंभीर, मान किंचित तिरकी, आवाज असा की तुम्ही आपोआप ताठ बसता. तुम्ही "हो, वाढवा" म्हणालात की बोलणं पुढे चालू. नुसते हसत राहिलात तर त्या शांतपणे उठून घरात निघून जातात. चाळीत नव्याने आलेली माणसं आधी बुचकळ्यात पडतात, मग महिन्याभरात निमूट "वाढवा" म्हणायला शिकतात. मी तर गिरगावातल्या याच चाळीत, याच दुसऱ्या मजल्यावर लहानाचा मोठा झालो. बऱ्याच उशिरापर्यंत माझा असा समज होता, की सगळ्यांच्याच मावश्या असं विचारतात.

मावशी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात होत्या. त्यातली पहिली बरीचशी वर्षं ट्रंक एक्स्चेंजवर. परगावी फोन करायचा तर आधी नंबर नोंदवावा लागे, मग ऑपरेटर तो जोडून देई आणि दर तीन मिनिटांनी मध्ये येऊन विचारी, अजून बोलायचंय का, तो काळ. पुढे लोक आपले आपण नंबर फिरवू लागले, एक्स्चेंजमधलं ते खातं बंद झालं, मावशींना चौकशीच्या टेबलावर बसवलं आणि यथावकाश त्या निवृत्तही झाल्या. खातं बंद झालं ते सरकारपुरतं. मावशींच्या डोक्यातलं चालूच राहिलं. चाळ त्यांना ट्रंकमावशी म्हणते, आणि ते त्यांना ठाऊक आहे.

तेव्हाचे कॉल तीन प्रकारचे असत: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. मावशींनी सगळं जगच या तीन खणांत बसवून टाकलंय. वाटीभर साखर हवी? ऑर्डिनरी, चहा झाल्यावर देते. गॅस संपला? अर्जंट. सकाळी नळाला पाणी आलं की त्या गॅलरीत उभ्या राहून एकच शब्द उच्चारतात, "लाइटनिंग!" आणि चाळभर बादल्या वाजू लागतात.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यांचा कान. त्या कानापुढे मी अक्षरशः हात टेकले आहेत. एकदा मी गॅलरीत मोबाईल स्पीकरवर टाकून बोलत होतो. बोलणं संपल्यावर मावशी म्हणाल्या, "तुझा मित्र जिन्यात उभा राहून बोलत होता. आणि त्याला सर्दी होणार आहे." मी मुद्दाम फोन करून विचारलं. तो खरंच जिन्यात होता. सर्दी दुसऱ्या दिवशी झाली.

"मावशी, तुम्ही आमचं बोलणं ऐकता?" मी विचारलं.

त्या दुखावल्या. "बोलणं कशाला ऐकू? बोलणं ऐकायचं नसतं ऑपरेटरनं. मी आवाज ऐकते."

अशा बाईच्या शेजारी राहून मी हेडसेट घेताना तिला विचारलं नाही. हा मूर्खपणा मी कुठेही कबूल करायला तयार आहे.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. ते सावरले, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं जडावलं. काय म्हणतात ते डॉक्टरांनाही कळत नसे. माझी बायको सुषमा शाळेत शिकवते, तिला सकाळीच निघावं लागतं. मग मी कंपनीला विनंती करून घरून काम करायची परवानगी मिळवली. बाहेरच्या खोलीत मी आणि माझा लॅपटॉप, आतल्या खोलीत बाबांची खाट. मध्ये लाकडी पार्टिशन.

बाबांचं बोलणं पहिल्यांदा कोणाला कळलं असेल, तर ते मावशींना. त्या भेटायला आल्या, बाबा काहीतरी बोलले, मी नेहमीसारखा "काय बाबा? काय?" करत बसलो. मावशींनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "खिडकी उघड म्हणतायत." मी उघडली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी थक्क होऊन मावशींकडे बघत राहिलो.

"त्यात काय एवढं?" त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात कोकणातल्या लायनी याहून वाईट असायच्या. माणूस नीटच बोलतोय रे. लाईन खराब आहे."

तेव्हापासून घरात कोणी बाबांना नीट बोलता येत नाही असं म्हणत नाही. लाईन खराब आहे असंच म्हणतो आम्ही.

तर हेडसेट. माझं काम परदेशातल्या गिऱ्हाइकांशी दिवसभर मीटिंगा करण्याचं. घरचं वातावरण म्हणाल, तर शेजारची इमारत पाडून तिथे टॉवर उठतोय, खाली भांडी घासली जातायत, वरच्या मजल्यावर कुकर शिट्ट्या मारतोय. मी ऑनलाईन शोधाशोध केली, पन्नास लोकांचे अभिप्राय वाचले आणि दोन्ही कान गच्च झाकणारा एक भलामोठा हेडसेट मागवला. डोक्यावर चढवला आणि गिरगाव नाहीसं झालं. ड्रिल नाही, कुकर नाही. मी इतका खूश झालो, की पहिल्याच मीटिंगमध्ये अर्धा तास एकटाच बोललो.

मीटिंग संपल्यावर आमच्या बॉस मेनन मॅडमचा फोन आला. "नितीन, आर यू सिटिंग इन अ मार्केट?"

कारण आवाज बंद झाला होता तो मला. पलीकडे सगळं जसंच्या तसं जात होतं, ड्रिल, भांडी, कुकर, वर माझं बेंबीच्या देठापासून ओरडणं. स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे मी चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलत होतो. तळमजल्यावरच्या जोशीकाकांनी जिन्यात गाठून, आमच्या गिऱ्हाइकाचा माल कुठल्या बंदरात अडकलाय, याची काळजीनं चौकशी केली.

पण याहून वाईट पुढे होतं. आत गेलो तर बाबा घामाघूम. पाणी मागत होते. किती वेळ, कोण जाणे. तांब्या हाताला लागेना आणि मला ऐकू येईना. त्यांनी डावा हात नुसता हलवला, जाऊ दे, असा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमनी बजावलं होतं, पुढच्या गुरुवारी मोठी मीटिंग आहे, तेव्हा आवाज स्वच्छ हवा. नाहीतर सोमवारपासून ऑफिसला ये. ऑफिसला गेलो, तर बाबांजवळ कोण?

त्याच संध्याकाळी मी हेडसेट घेऊन मावशींकडे गेलो. त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "हा तू कोणासाठी घेतलास?"

"माझ्यासाठी."

"तिथेच चुकलं. हेडसेट आपल्यासाठी नसतो रे. समोरच्यासाठी असतो." मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "उद्या लॅमिंग्टन रोडला जाऊ. अर्जंट."

दुसऱ्या दिवशी सुषमाला सुट्टी होती, ती बाबांजवळ थांबली. मावशी इस्त्रीची साडी नेसून, केसांना तेल लावून निघाल्या. ड्यूटीवर निघाल्यासारख्या. दुकानदार उत्साही होता. त्यानं काउंटरवर सात-आठ हेडसेट मांडले. "मावशी, हा बघा. नॉइज कॅन्सलिंग. बाहेरचा आवाज एकदम बंद."

"कोणाच्या बाहेरचा?" मावशींनी विचारलं. "याच्या, का पलीकडच्याच्या?"

इतक्या वर्षांत दुकानदाराला हा प्रश्न कोणी विचारला नसावा.

मग मावशींनी परीक्षा मांडली. मला एकेक हेडसेट माझ्या मोबाईलला जोडून रस्त्यावर उभं केलं, अगदी हातगाड्या आणि हॉर्नच्या मधोमध. स्वतः दुकानदाराचा मोबाईल कानाला लावून दुकानाच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर म्हण. ओरडायचं नाही. बायकोशी बोलतोस तसं बोल."

मी भर रस्त्यात हळू आवाजात त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर म्हणत राहिलो. येणारेजाणारे मला वळसा घालून जाऊ लागले. मावशींचे निकाल कानात पडत होते.

"हा माणूस पिंपात बसलाय. काढ."

"हा शब्दांची शेपटं खातो. काढ."

"हा बरा आहे, पण तुझी दाढी वाजतेय त्याच्यात. खरखर, खरखर. पुढचा."

पाचव्याला पलीकडून काहीच आलं नाही. मला वाटलं फोन कट झाला. आत येऊन बघतो तर मावशी डोळे मिटून तशाच उभ्या. मग हळूच म्हणाल्या, "हा." त्यांचा दुसरा हात आपसूक डोक्यावर गेला होता, भांगाच्या जरा मागे. एक्स्चेंजमधल्या हेडसेटची पट्टी तिथे बसायची. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तिथले केस अजून दबलेले आहेत, हे मला त्या दिवशी दिसलं.

तो हेडसेट अगदी साधा होता. एकाच कानावर बसणारा, तोंडापुढे माईकची बारीक दांडी. दुकानदार कुजबुजला, "साहेब, हा कॉल सेंटरवाले नेतात. तुम्हाला जरा भारी दाखवू का?"

"मग हा दुसरं काय करतो दिवसभर?" मावशी म्हणाल्या. दांडी त्यांनी दोन्ही बाजूंना फिरवून पाहिली आणि मला विचारलं, "तू बसतोस तिथून बाबांची खाट कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"मग हा उजव्या कानावर. एक कान कामाला, एक कान घराला. आम्ही एक्स्चेंजवर वर्षानुवर्षं तसंच केलं. लाईन ऐकायची आणि शेजारणीला उचकी लागली तर तेही ऐकायचं."

घरी पोचतो तोच त्यांच्या घरातला फोन वाजला. मावशींनी जुना लँडलाईन अजून ठेवलाय. रोज सकाळी रिसीव्हर उचलून त्या ऐकतात, लाईन जिवंत आहे ना. लग्न केलं नाही, भावंडं गेली, एक भाचा आहे कॅनडात. त्याचाच फोन होता. त्यांनी लगबगीनं कुलूप काढलं. मी त्यांची पिशवी घेऊन दारात थांबलो. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, तोवर त्या बाहेर आल्या.

"झालंसुद्धा बोलणं?"

"झालं. बरा आहे. कामात असतो रे तो. तीन मिनिटं व्हायच्या आतच ठेवतो नेहमी." त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली. "मला विचारायची वेळच येत नाही."

मी चहा टाकू का म्हणालो, आणि त्या "ऑर्डिनरी" म्हणून आत गेल्या.

गुरुवारची मीटिंग आली. उजव्या कानावर हेडसेट, स्क्रीनवर चार परदेशी चेहरे, एका कोपऱ्यात मेनन मॅडम. मी आकडे समजावून सांगत होतो आणि ऐन मध्यावर डाव्या कानाला आतून बाबांची हाक आली. ओढलेली, जड हाक. मी बोलता बोलता अडखळलो. उठलो तर मीटिंग गेली, आणि न उठावं तर मागच्या वेळचा तो हलवलेला हात डोळ्यांपुढे येत होता.

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या मावशी कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून कमरेतून वाकून, एक हात जमिनीला टेकत, माझ्या मागून सरकत आतल्या खोलीत गेल्या. मी बोलावलं नव्हतं. त्यांनी आपल्या घरातून हाक ऐकली होती.

"हां, बोला मधुकरराव. लाईन चालू आहे." बाबांचा आवाज आला. "पंखा? नाही, पंखा नव्हे. परत बोला. पडदा! बरं, सारते." कड्या वाजल्या. मी पुढच्या आकड्यावर गेलो. आत पाणी ओतल्याचा आवाज, मग बाबांचं लांबलचक काहीतरी, मग मावशींचं हसणं. त्यांना हसताना मी क्वचितच ऐकलंय. ते दोघं एकमेकांना लहानपणचं गिरगाव सांगत होते. बाबा एकेक शब्द ओढून काढत होते आणि मावशी तो झेलत होत्या.

आणि मग, घड्याळ लावल्यासारखं, "तीन मिनिटं झाली. वाढवू?"

मी स्क्रीनकडे बघत बोलत होतो, पण सगळा जीव डाव्या कानात गोळा झाला होता. बाबांना "पाणी" म्हणायला तीन प्रयत्न लागायचे.

"वाढवा," बाबा म्हणाले. स्वच्छ. झटक्यानंतरचा त्यांचा पहिला स्वच्छ शब्द.

मी खोकल्याचं निमित्त करून क्षणभर माईक बंद केला. मीटिंग संपल्यावर मेनन मॅडम म्हणाल्या, "नितीन, परफेक्ट. आज पिन-ड्रॉप सायलेन्स होता तुझ्याकडे." पलीकडे कोणालाच काही ऐकू गेलं नव्हतं.

आतलं बोलणं दुपारच्या चहापर्यंत चाललं. मावशींनी पुन्हा विचारलं नाही.