आज नको, उद्या या

अंबादासकाका रोज सकाळी कॉम्प्युटरला हात जोडायचे. भक्तीने नव्हे, परत पाठवायला. पडद्यावर निळी चौकट यायची : नवं अपडेट तयार आहे, आत्ता करायचं की नंतर? दारावर आलेल्या विक्रेत्याला सांगावं तसं काका म्हणायचे, "आज नको बाबा. उद्या या." आणि 'नंतर'वर दाबायचे.

जुळे सोलापुरात ते आमच्या समोरच्या दारात राहतात. अक्कलकोट रोडच्या एका चादर कारखान्यात ते चाळीस वर्षं डिझाइन मास्तर होते. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने डिझाइनचा जुना कॉम्प्युटर त्यांना देऊन टाकला. तो रिक्षातून घरी आला, काकांच्या मांडीवर बसून. खंडेनवमीला त्याच्या की-बोर्डला हळदकुंकू लागतं. दोन बटणं तेव्हापासून चिकटतात.

मी एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. त्यामुळे काकांना शहाणपण शिकवणं हा माझा हक्क आहे, असं मी धरून चाललो होतो.

"काका, अपडेट करून टाका की. किती दिवस टाळणार?"

"सर, मागावर सुताचा बीम चढलेला असताना कुणी माग बदलतं का? सगळा ताणा तुटतो. बीम संपू दे, मग बघू."

"कॉम्प्युटरमध्ये कुठला आलाय बीम?"

"हाय एक. लई लांबीचा हाय."

पुढे तर बंद करायच्या बटणावरही 'अपडेट करून बंद करा' एवढंच दिसायला लागलं. तेव्हापासून काकांनी कॉम्प्युटर बंद करणंच सोडलं. त्याच्यावर टॉवेल पांघरायचे. लग्नाला गेले तर लाइट जाईल या धास्तीने अक्षता टाकून, न जेवता घरी पळायचे. सगळी इमारत हसायची. सगळ्यांत मोठ्याने मी.

एका सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. "हिला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचंय. तासभर आमच्या घरी बसता का? लाइट गेली तर फोन करा. बाकी हात लावू नका."

काकूंनी जन्मभर विड्या वळल्या. आता त्यांची नजर जवळजवळ गेलीय.

मी बसलो. निळी चौकट आली. म्हाताऱ्याचं काम करून टाकू, असा चांगला विचार मनात आला, असं मी नंतर बायकोला सांगितलं. ते खोटं होतं. मला फक्त माझंच खरं करून दाखवायचं होतं. मी 'आत्ता' दाबलं.

जागा कमी आहे, असं मशीन म्हणालं. मी शोधलं. 'आकू' नावाचं एक मोठं फोल्डर सापडलं. असल्या नावाचं काही कामाचं असेल, असं मला वाटलं नाही. कायमचं काढून टाकायचं का? हो.

ते दोघं परतले तेव्हा पडद्यावर कुठल्याशा परदेशातलं तळं चमकत होतं. काका बराच वेळ शोधत राहिले.

"आकू कुटं गेलं सर?"

"अपडेटमध्ये जातं कधीकधी," मी म्हणालो.

अपडेटने काहीही नेलं नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

काकूंना आत बसवून आल्यावर काकांनी मला हळू आवाजात सांगितलं, "आकू म्हणजे पान. आमच्या तेलुगूत. विडीचं पान." वीस वर्षं समोर राहून मला त्यांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता.

कारखान्यात असताना काका प्रत्येक डिझाइन आधी घरी आणायचे. काकूंनी बरं म्हटल्याशिवाय ते मागावर चढत नसे. आता त्यांना रंग दिसत नाहीत. म्हणून काका त्या फोल्डरमध्ये एक सबंध पांढरी चादर रचत होते, जाड सुताने उठवलेली, विडीच्या पानापानांची. काकूंनी बोटांनी बघून बरं म्हणावं म्हणून. दोन वर्षं चाललं होतं. फक्त एक काठ राहिला होता.

मी रात्रीपर्यंत सगळे उपाय केले. काही परत आलं नाही. काकांनी उलट चहा दिला. 

दोन दिवसांनी काकू भिंत चाचपत आमच्या दारात आल्या.

"सर, तुमी मशीन नवं करून दिलं म्हणे. हे म्हणाले, चादर मागावर चढली. कधी उतरंल वो?"

मागून काकांचा आवाज आला, "सांगितलं न्हवं, लांब बीम हाय. वेळ लागतो."

कॉम्प्युटर आता टॉवेलखाली बंद पडून असतो. काका खिडकीशी आलेखाचा कागद घेऊन बसतात, नाक कागदाला टेकवून पेन्सिलीने एकेक चौकोन भरतात. जुन्या काळी डिझाइन असंच काढायचे म्हणे. एका तासात अर्धं पान होतं. कागदाचं नाही, काकूंच्या विडीचं.

गेल्या रविवारी मी पेन्सिल घेऊन गेलो. काठ मी भरतो म्हणायचं ठरवलं होतं. पण तोंडातून निघालं, "काका, ते अपडेटमुळे गेलं नव्हतं. त्या दिवशी मी..."

आतल्या खोलीत काकूंची हालचाल झाली. काकांनी पेन्सिल खाली ठेवली आणि मला हात जोडले. चेहऱ्यावर राग नव्हता. रोज सकाळी त्या निळ्या चौकटीसमोर असायची तशी अदब होती.

"आज नको सर," ते म्हणाले. "उद्या या."