एक प्रश्न सोडून

हॅमिल्टनमधल्या कुठल्याही मराठी माणसाचं गाव, नोकरी आणि मामाचं आडनाव अरुणाताई पाच मिनिटांत काढून घेत. अशा बाईने पोलीस कोठडीतल्या लोकांची विचारपूस करणारी स्वयंसेविका व्हावं, आणि नियम काय? जेवण, ब्लँकेट, वॉशरूम यांबद्दल खुशाल विचारा. अटक का झाली, ते विचारायचं नाही. तिथलं बाहेर बोलायचंही नाही. सुगरणीला फोडणीचा वास घेऊ नकोस म्हणण्यातलाच प्रकार!

त्या शनिवारी सकाळी कोठडीत चक्क एक मराठी मुलगा निघाला. देखणा, पण कोपर खरचटलेलं.

"खाल्लंस का रे काही?"

"हो काकू. सँडविच छान होतं."

तिथल्या गारढोण सँडविचला छान म्हणतो! मुलगा अरुणाताईंच्या मनात भरला.

"झोप लागली? नाही म्हणजे, घर सोडून इथे..."

सोबतच्या सार्जंटला मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला; त्याने घसा खाकरला.

"खिडकी चुकली हो, काकू," मुलगा एवढंच पुटपुटला.

कुणाची खिडकी? अरुणाताईंचा जीव कासावीस झाला. पण जिभेवर आलेला प्रश्न त्यांनी गिळला आणि फॉर्मवर लिहिलं, तक्रार नाही.

संध्याकाळी अस्मिताला बघायला मुलगा यायचा होता. अकरा स्थळं नाकारलेल्या लेकीने हे बारावं स्वतःच वेबसाइटवर शोधलं होतं. ते जमावं म्हणून अरुणाताईंनी देव पाण्यात घातले होते. बेल वाजली, त्यांनी दार उघडलं, तर समोर सकाळचाच मुलगा! दुपारी सुटून, दाढी करून आलेला. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं.

"आई, हा पुष्कर, इथून दीड तासावरच्या आपल्या लंडनचा," अस्मिता घाईघाईने म्हणाली. "वी आर मीटिंग फॉर द फर्स्ट टाइम."

पोहे आले. अरुणाताईंचे यजमान उल्हासराव गप्पांना बसले.

"घर सापडलं ना पटकन? इथली टाउनहाऊसेस सगळी सेम टू सेम. काल मागच्या रांगेत चोर शिरत होता म्हणे, बेसमेंटच्या खिडकीतून! पकडला."

पुष्करला जोरात ठसका लागला. अरुणाताईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीची खोली बेसमेंटमध्येच होती. अस्मिता मान खाली घालून पोह्यांतले शेंगदाणे निवडू लागली.

"काय गं, ओळखतेस का याला?" पुष्करकडे टक लावून बघणाऱ्या बायकोला उल्हासरावांनी विचारलं.

खरं सांगावं तर नियम मोडणार, आणि त्याच्याबरोबर स्थळही.

"छे! आजच तर बघतेय," अरुणाताई म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं.

"मग विचार की काहीतरी!"

"मला काही विचारायचं नाही."

तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदाच ऐकल्यामुळे उल्हासरावांनी बायकोच्या कपाळाला हात लावून पाहिला.

पुष्कर निघाला तेव्हा अरुणाताई त्याला सोडायला दारापर्यंत गेल्या.

"पुढच्या वेळी इकडूनच ये हं," त्या हळूच म्हणाल्या. "दाराला बेल आहे."