कल्याण विभागाचे पाणी

कामगार हा कारखान्याचा प्राण असून प्राण टिकवायला पाणी लागते, हे सत्य होंडुरासमधल्या चोलोमा गावच्या टी-शर्टच्या कारखान्याला पटले आणि तिथे कामगार कल्याण विभाग स्थापन झाला. विभागाने प्रत्येक बाईला एक निळी बाटली दिली. कामाच्या एका पाळीत ती तीनदा संपवायची. (बाटलीत पाणी उरणे ही संस्थेविषयीची अनास्था समजली जाई.)

लघवीला जाण्याचा नियम मात्र जुनाच राहिला. तीस बायकांच्या रांगेला एक लाकडी बिल्ला, आणि प्रत्येकीने पाळीत दोनदाच जायचे. हा नियम उत्पादन विभागाचा होता आणि कल्याण विभाग दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नसे.

सत्त्याण्णव टक्के कामगारांनी आपण भरपूर पाणी पितो असे कळवले. (उरलेले तीन टक्के बिल्ल्याची वाट पाहत असल्याने त्यांचे मत नोंदवता आले नाही.) चौदाव्या रांगेला 'सर्वांत पाणीदार रांग' म्हणून ढाल मिळाली.

त्या रांगेत गळे शिवणाऱ्या ओतिलियाला मूत्रपिंडाचा त्रास होता. कंपनीच्या आरोग्य शिबिरातल्या डॉक्टरांनी तिला बजावले होते, की पाणी भरपूर प्या आणि लघवी तुंबवू नका. यातल्या पहिल्या सल्ल्याला कंपनीचा पूर्ण पाठिंबा होता.

एका मंगळवारी तिने तिसऱ्यांदा बिल्ला मागितला.

"अगं, आत्ता तर जाऊन आलीस," मुकादम मिर्ता म्हणाली. "पोटात नदी आहे का तुझ्या?"

"तुमच्याच बाटलीतली आहे, मिर्ताबाई. कंबर धरलीय माझी. जाऊ द्या ना."

"मग उद्या सगळ्याच मागतील. वर लिहून दे बाई. हल्ली वरचे फार ऐकतात म्हणे."

ओतिलियाने लिहून दिले. सूचनापेटीत तीन शब्दांची चिठ्ठी: 'मला जाऊ द्या.' खाली नाव, रांग, सही.

कल्याण विभागाच्या समितीने चिठ्ठीवर दोन बैठका घेतल्या. बाईला नोकरी सोडायची आहे, असा एकमुखी अर्थ निघाला. आठ वर्षांच्या सेवेनंतर इतक्या संयमी शब्दांत मन मोकळे केलेले पाहून अध्यक्षांचे डोळे पाणावले. शुक्रवारी राजीनामा मंजूर झाला. तो स्वखुशीचा असल्याने भरपाईचा प्रश्न आला नाही. दवाखान्याचे कार्ड तेवढे परत घेण्यात आले.

"अहो साहेब, मला लघवीला जायचं होतं," फाटकाशी हातात निरोपाची फुले घेऊन उभी असलेली ओतिलिया म्हणाली. तिला रडू येत नव्हते, संताप येत होता. औषधे त्या कार्डावरच मिळत होती.

"आता हवं तितक्यांदा जा," अध्यक्ष मायेने म्हणाले आणि त्यांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतला. वार्षिक अहवालात तो 'आम्ही ऐकतो' या मथळ्याखाली आला आहे.

वाचकहो, आपल्या टी-शर्टच्या गळ्यावरून जरा बोट फिरवून पाहा. शिवण कशी सलग आहे ना? मध्ये कुणालाही उठू दिलेले नाही.