भिशीचं चाक

ज्ञानेशने बायकांच्या भिशीत नाक खुपसलं, तिथून सगळं सुरू झालं. तसं कुणी त्याला बोलावलं नव्हतं. पण घरून काम करणाऱ्या माणसाचं एक दुखणं असतं. आपण दिवसभर घरात बसून खरोखर काहीतरी करतो, हे चारचौघांना पटवून द्यायची संधी तो सोडत नाही.

चऱ्होलीतल्या त्या सोसायटीत ज्ञानेश वेबसाइट बनवायचा, म्हणजे बेडरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली हाफ पँट घालून. सोसायटीच्या लेखी तो 'घरीच असतो तो' होता. त्यामुळे कुणाचं कुरिअर घ्यायचं, कुणाचा गॅसवाला आला तर दार उघडायचं, ही कामं आपसूक त्याच्याकडे आली. वरच्या मजल्यावरच्या गोजाबाई तर रोज सकाळी फोन घेऊन हजर. ही सोसायटी उभी होती ती त्यांच्याच कांद्याच्या वावरात. खरेदीखतावर त्यांनी ऐटीत सह्या ठोकल्या होत्या आणि बदल्यात दोन फ्लॅट अन् बक्कळ पैसा पदरात पाडून घेतला होता. "ज्ञानेशा, अक्षर लई बारीक हाय. बँकेनं काय लिवलंय बघ रं," असं म्हणून त्या फोन पुढे करायच्या. ज्ञानेशने फोनवरची अक्षरं बोराएवढी करून दिली, तरी त्या येतच राहिल्या. निम्मे मेसेज कर्ज घ्या म्हणून असायचे. ते ऐकून गोजाबाई म्हणायच्या, "त्यास्नीच पायजे असंल तर मी देते म्हणावं."

तर भिशी. गोजाबाई धरून सोसायटीतल्या बाराजणींची भिशी होती आणि ती गोजाबाईच चालवायच्या. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बायका क्लब हाउसमध्ये जमायच्या, हप्ता द्यायच्या, भेळ खायच्या आणि गोजाबाई स्टीलच्या डब्यातून एक चिठ्ठी उचलायच्या. चिठ्ठी हातभर लांब धरून नाव पुकारायच्या आणि ती कमरेच्या बटव्यात टाकायच्या. जिचं नाव येईल तिला त्या महिन्याची सगळी रक्कम. वर्षभरात प्रत्येकीची एकदा पाळी यायची. तक्रार करायची ती एकटी प्राजक्ता. तिचा नवरा चाकणच्या कंपनीत, ती स्वतः बँकेत, आणि ओळीने दोन वर्षं तिचं नाव सगळ्यांत शेवटी आलं होतं. "माझी चिठ्ठी डब्याच्या तळाला चिकटते," असं तिचं म्हणणं होतं.

त्या दिवशी ज्ञानेश प्राजक्ताचंच कुरिअर द्यायला क्लब हाउसमध्ये शिरला आणि हे त्याच्या कानावर पडलं.

"वहिनी, चिठ्ठ्यांचा जमाना गेला," तो म्हणाला. "मी चाक बनवून देतो. फोनवर फिरवायचं, आपोआप थांबतं. कुणाचा हात लागायचा प्रश्नच नाही."

त्याच्या बायकोने, दीपमालाने, त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात 'गुमान घरी चला' असं ठळक लिहिलेलं होतं, पण ज्ञानेशला कोड सोडून दुसरं काही वाचता यायचं नाही. गोजाबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "करा बाबा. तुमचं राज्य हाय आता."

दीपमालाला यंदा ही भिशी हवीच होती. ती साड्यांना पिको-फॉल करून द्यायची. तिचं मशीन लातूरहून लग्नात आलेलं, आता चार टाके घालायचं अन् दोन विसरायचं. लग्नसराईच्या आत नवं मोटरचं मशीन घ्यायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं. ज्ञानेशच्या कमाईवर विसंबण्यात अर्थ नव्हता, कारण त्याची कमाई चाकणला अडकली होती. तिथल्या दादासाहेबांच्या वर्कशॉपची वेबसाइट होऊन चार महिने झाले होते. फोन केला की दादासाहेब म्हणायचे, "राव, चेक तयारच आहे. फक्त सही राहिलीय."

पुढच्या महिन्याच्या गुरुवारी चाक आलं. बारा रंग, बारा नावं, फिरताना ढोल वाजायचा. ज्ञानेशने बटण दाबलं, चाक गरगरलं, मंदावलं आणि 'दीपमाला'वर थांबलं.

ढोल थांबला तशी सगळ्यांची भेळही थांबली.

"छान बनवलंय हं भाऊ," प्राजक्ता म्हणाली.

"अहो, प्रत्येकीला सारखीच संधी आहे वहिनी. गणित आहे ते."

"मग माझ्या वाट्याचं गणित कुठे अडतं?"

दीपमालाचे कान लाल झाले. "परत फिरवा," ती म्हणाली. "मला नको हे."

ज्ञानेशने परत फिरवलं. चाकाने पुन्हा सगळ्या बायकांना एकेक हुलकावणी दिली आणि इमानेइतबारे 'दीपमाला'वर येऊन बसलं. आता प्रामाणिक यंत्र कधीकधी असंही करतं, हे ज्ञानेशला माहीत होतं. पण हे क्लब हाउसमधल्या अकरा बायकांना समजावून सांगायचं म्हणजे म्हशीला वेद शिकवण्यापैकी होतं, आणि इथे तर सगळ्या म्हशी मारक्या झाल्या होत्या. तिसऱ्या खेपेला चौथ्या मजल्यावरच्या सुनेचं नाव आलं तेव्हा कुठे सुटका झाली.

घरी आल्यावर दीपमालाने पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हटलं, "मी उद्यापासून जिन्याने जाईन. लिफ्टमध्ये त्या बायकांना तोंड कसं दाखवू?"

ज्ञानेश लॅपटॉपपाशी जाऊन बसला. ज्या बाईने उभ्या जन्मात भाजीवाल्याची जास्तीची कोथिंबीर घेतली नाही, ती आपल्यामुळे चोर ठरली. त्याने चूक दुरुस्त करायची ठरवली. चूक अशी नव्हतीच, म्हणून त्याने एक घातली. चाकात एक ओळ लिहिली: दीपमाला आली की तिला सोड आणि पुढे चल.

पुढच्या महिन्यात प्राजक्ताचं नाव आलं. "आता कसं बरोबर चालायला लागलं," ती कौतुकाने म्हणाली. "त्या वेळी बिघडलेलं असणार." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. चाक नीट होतं तेव्हा सगळे त्याला खोटं म्हणत होते. आता ते पक्कं खोटं झालं, तर सोसायटीभर त्याच्या प्रामाणिकपणाचा डंका वाजायला लागला. शेजारच्या सोसायटीने चाक मागितलं, मग प्राजक्ताच्या पिंपळे गुरवच्या बहिणीने. गंमत म्हणजे या बायका पैसे रोख आणि त्याच दिवशी द्यायच्या.

एकटी दीपमाला दर भिशीला आशेने जायची. तिसऱ्या महिन्यात तर तिने चाक फिरवण्याआधी फोनला हळदकुंकू वाहिलं. ज्ञानेशला ते बघवेना. सांगावं तर पंचाईत, न सांगावं तर रोज तिच्या हातची पोळी घशात अडकायची. शेवटी त्याने ती ओळ गुपचूप काढून टाकली. म्हटलं, आता जे व्हायचं ते नशिबाने होऊ दे. नशीब दीपमालाच्या शेजारच्या रंगावर जाऊन थांबलं.

पुढची भिशी आठवड्यावर आली असताना पिकोच्या मशीनने दोरा गिळला आणि कायमचा राम म्हटला. आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी आळंदीच्या यशोदाबाई आल्या. मुलीचं लग्न होतं. आहेराच्या साड्यांचे ढीग त्यांनी पलंगावर ठेवले आणि विचारलं, "होतील ना गं वेळेवर?"

"होतील की," दीपमाला म्हणाली. त्या गेल्यावर ज्ञानेशला म्हणाली, "मी शब्द दिलाय. या गुरुवारी नाव आलं, की शुक्रवारी मशीन आणायचं. नाही आलं, तर साड्या परत करायच्या अन् धंदा बंद. एकदा शब्द मोडला की दुसऱ्यांदा कोण काम देतंय?"

ज्ञानेशने दादासाहेबांना फोन केला. चेक तयारच होता, सही राहिली होती. मग त्याने लॅपटॉप उघडला आणि चाकात नवी ओळ लिहिली: कसंही फिर, पण दीपमालावर थांब. आता कुणी संशय घेणार नव्हतं. उलट बायकाच म्हणायला लागल्या होत्या, बिचारीचं नावच येत नाही.

गुरुवारी क्लब हाउस भरलं. दीपमाला हिरवी साडी नेसून पुढच्याच खुर्चीत बसली होती. ज्ञानेशने फोन काढला, चाकाचं पान उघडलं, बंद केलं आणि पुन्हा उघडलं. चाक नव्हतं. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या.

प्राजक्ताने डोकावून त्या मोठ्याने वाचून दाखवल्या. "पेमेंट थकल्यामुळे खातं बंद करण्यात आलंय म्हणे. भाऊ, तुम्ही कुणाचे पैसे ठेवलेत?"

ज्या सर्व्हरवर चाक ठेवलं होतं, त्याचं भाडं ज्ञानेशच्या खात्यातून दर महिन्याला आपोआप जायचं. पण जायला खात्यात काहीतरी असावं लागतं, आणि बायकांची रोख तर किराण्यातच जिरत होती. दादासाहेबांची एक सही चाकणहून अशी थेट क्लब हाउसमध्ये येऊन आदळली.

"उद्यापर्यंत चालू करतो," ज्ञानेश कसाबसा म्हणाला.

"उद्या कोण येतंय?" गोजाबाई उठल्या. "डबा आणा. प्राजक्ता, तू लिव चिठ्ठ्या. तुझा तरी इस्वास हाय नव्हं तुझ्यावर?"

उरलेल्या नावांच्या चिठ्ठ्या झाल्या. ज्ञानेशने दीपमालाकडे पाहिलं. ती डोळे मिटून बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. गोजाबाईंनी डबा हलवला, हात घातला, चिठ्ठी काढली. लांब धरून त्या जराशा थांबल्या.

"दीपमाला," त्यांनी पुकारलं आणि चिठ्ठी बटव्यात टाकली.

सगळ्यांत आधी टाळी वाजवली प्राजक्ताने. "एकदाचं आलं बाई तिचं," म्हणत तिने दीपमालाला मिठी मारली. दीपमाला रडत होती आणि हसतही होती. ज्ञानेशला वाटलं, आपण मारे चाकं फिरवतो, पण देव डब्यात राहतो.

बायका भेळेकडे वळल्या, तसे ज्ञानेश आणि गोजाबाई लिफ्टने वर निघाले. सोसायटीची लिफ्ट बैलगाडीच्या चालीने चढायची. आनंदाच्या भरात ज्ञानेश म्हणाला, "आजी, प्राजक्तावहिनींचं अक्षर मुंगीएवढं, तरी तुम्हाला बरं दिसलं."

"दिसायचं काय? डोळं ठणठणीत हायती माझं. वाचाया येत न्हाई."

ज्ञानेश गर्रकन त्यांच्याकडे वळला.

"मग इतकी वर्षं नावं कशी..."

"जिला नड, तिचं नाव. एकीच्या पोराची फी ऱ्हाती, एकीच्या दाल्ल्याची कंपनी बंद पडती. प्राजक्ताकडं दोन पगार येत्यात, तिला कशाची घाई? चिठ्ठीवर काय का असंना." गोजाबाईंनी पदर सारखा केला. "तुझ्या चाकाला नड कळत न्हाई. आन तू त्यात लबाडी घातलीस, ती पन उलटी. एका दिशी दोनदा आलेलं नाव पुन्यांदा फिरकलंच न्हाई, तवाच समजले मी. कांदं इकण्यात जल्म गेला माझा, काटा कुणी दाबलाय ते लगीच कळतं."

ज्ञानेशने कान पकडले.

"आता आसं कर," त्या म्हणाल्या, "त्ये चाक चालू कर. ढोल लई झ्याक वाजतो, बायकास्नी आवडतो. फिरू दे कितीबी, पर थांबलं पायजे मी सांगीन तितंच. जमल?"

"जमेल आजी." जमेल काय, ते जमलेलंच होतं.

गोजाबाईंनी बटवा उघडून आगाऊ रक्कम त्याच्या हातावर ठेवली. आपल्याला नेमकं काय हवंय हे माहीत असलेलं गिऱ्हाईक ज्ञानेशला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं, आणि त्यात ते सहीसाठी अडणारं नव्हतं. नोटांबरोबर ती मघाची चिठ्ठीही आली.

"व्हय रं, बघ की हिच्यावर कुणाचं नाव हाय. वाच."

ज्ञानेशने चिठ्ठी उलगडली. प्राजक्ताच्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: गोजाबाई.

खाली दीपमाला हसत होती, तो आवाज लिफ्टच्या फटीतून वर येत होता.

"दीपमाला," तो म्हणाला. "खरंच तिचंच आलंय आजी."

गोजाबाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग चिठ्ठी त्याच्या हातातून काढून घेतली, घडी घालून बटव्यात ठेवली. लिफ्टचं दार उघडलं.

"आता शिकलास," बाहेर पडता पडता त्या म्हणाल्या. "पर एवढं एक नाव मला वाचाया येतं रं. खरेदीखतावर सह्या करू करू शिकले."