तुळशीची अर्धी प्रदक्षिणा

"संक्रांतीले आमचा अविनाश घरी राह्यते म्हणजे राह्यतेच!"

असं कौशल्याबाईंनी वरवट बकालच्या अर्ध्या गावाला स्वतः सांगितलं, आणि उरलेल्या अर्ध्याला शेजारच्या बनाबाईंनी. भीती कसली? कौशल्याबाईंचा सोमवार चुकत नाही, एकादशी चुकत नाही, तुळशीला अकरा प्रदक्षिणा झाल्याशिवाय चहाचा घोट नाही. एवढं करणाऱ्या बाईचा शब्द देव खाली पडू देतो होय?

पोरगा फौजेत. चौदा महिने झाले, घराचा उंबरा त्यानं पाहिला नव्हता. संक्रांतीला महिना बाकी होता तरी तिळाच्या लाडवांचा डबा भरून, तोंडाला फडकं बांधून कपाटावर चढला होता. त्यांचे यजमान नारायणराव येता-जाता त्या डब्याकडे असे बघत, जसा रेल्वेफाटकात अडकलेला माणूस पलीकडच्या चहाच्या टपरीकडे बघतो!

आणि डिसेंबरात फोन आला.

"आई, सुट्टी पुढं गेली."

"काऊन? सायबाशी भांडला का रे?"

"नाई व. कासवांनी अडवलं."

कौशल्याबाईंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं, परत कानाला लावला. मग अविनाशनं सगळं समजावलं. त्यांची छावणी समुद्राकाठी. किनाऱ्यावर गोळीबाराचा सराव पुरा झाला की सुट्ट्या सुटायच्या. पण यंदा त्याच वाळूत कासवांनी येऊन अंडी घातली, आणि कायदा म्हणतो, अंडी आहेत तोवर तिथं गोळी नाही, गाडी नाही, बूटसुद्धा नाही. बंदुका ठेवून पोरं हातात काठ्या घेऊन कुत्री हाकलत बसली होती.

"मंग कधी निंघतात ते पिल्लं?"

"दीड-दोन महिने लागतात."

"दोन महिने! कोंबडी तं एकवीस दिवसांत काढते!"

"आई, कासव अंड्यावर बसत नाई. घालते, वाळू लोटते आन् निंघून जाते."

"आन् लेकरं?"

"आपले आपण समुद्राकडं पळतात. मागं नाई पाह्यत."

कौशल्याबाईंना कासवांचा राग येणार होता, तो तिथंच राहिला. मागं न बघता पळालेलं एक लेकरू त्यांनाही ठाऊक होतं. एकोणिसाव्या वर्षी, पाठीवर काळी ट्रंक घेऊन.

मग त्यांनी आपल्या हातात होतं ते केलं. व्रत धरलं! महादेवाच्या देवळात नंदीसमोर फरशीत दगडाचं कासव असतं ना, सगळे ज्याला ओलांडून जातात, त्याला रोज तांब्याभर पाणी, हळद-कुंकू. एक्केचाळीस दिवस. रोज ते झाल्याशिवाय स्वतःच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही. "बाई," त्या कासवाला हळूच म्हणायच्या, "तुह्या बहिणीचे लेकरं लवकर बाहीर काढ, म्हंजे माहं लेकरू घरी येईन."

पंचवीस दिवस सुरळीत गेले. सव्विसाव्या दिवशी देवळात पाय ठेवला तो घसरलाच! देवस्थान कमिटीच्या हिंमतरावांनी आरशासारखी टाईल बसवली होती. नंदी होता. कासव नव्हतं.

"ते खामगावले गेलं पालिशले," हिंमतराव छाती फुगवून म्हणाले. "आठ दिवसांत येते, चमकून!"

कौशल्याबाई भरलेला तांब्या घेऊन घरी आल्या आणि ओसरीवर बसल्या. बारा वाजले. एक वाजला. ओठ सुकले.

"अवं, रांगोळीचं कासव काढ आन् घाल पाणी!" नारायणराव कळवळून म्हणाले.

"वाहून जाईन ते."

"मंग म्या बसतो पाठ वाकवून! माह्यावर घाल!"

"मस्करी नका करू. पोराचं हाय हे."

नारायणराव तडक उठले, हिंमतरावांच्या बखोटीला धरलं आणि नदीकडे गेले. तीन वाजता दोघं कमरेपर्यंत भिजून परत आले. डोक्यावर झाकलेलं घमेलं. झाकण काढलं तर आत काळंभोर, जितंजागतं कासव!

"दगडाचं नाई भेटलं, तं खरं आणलं!"

कौशल्याबाईंनी कासवाला पाणी घातलं, हळद-कुंकू वाहिलं आणि मग दोन तांबे पाणी घटाघटा प्यायल्या. गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण बनाबाईंनी फोटो काढला! मोबाईलवर स्टेटस ठेवलं, "वरवटले साक्षात कासवदेव!" दुसऱ्या सकाळी अंगणात दर्शनाला रांग, नारळ, उदबत्त्या, आणि रांगेच्या शेवटी खाकी वर्दीतली एक पोरगी. संग्रामपूरहून मोटरसायकलवर आलेली वनरक्षक, धम्मशीला.

"कोणाचं आहे हे कासव?"

"देवाचं," कौशल्याबाई म्हणाल्या.

"आणलं कोणी?"

आपण डोहात कशी बुडी मारली हे वीस माणसांना तिसऱ्यांदा सांगणाऱ्या हिंमतरावांना एकाएकी आपली म्हैस आठवली. ते गेलेच!

"काकू, कासव घरी आणणं हा गुन्हा आहे. कुठं आहे ते?"

घमेलं रिकामं! शोधाशोध झाली. कासव तुळशीपाशी निघालं. रोजच्या पाण्यानं मऊ झालेल्या मातीत मागच्या पायांनी, अगदी शांतपणे, एक खड्डा बुजवत होतं.

धम्मशीलानं कपाळाला हात लावला. "अंडी घातली तिनं! आता ही हलवता नाही येत. उलटीपालटी झाली तर आतला जीव मरतो. दोन महिने हितं कोणी पाय ठेवायचा नाही."

"माह्या अकरा प्रदक्षिणा?"

"बंद."

"माह्या कुरडया? उन्हं वाढले की मी अठीच घालत असतो व बाई."

"बंद."

"माहा पोरगा येणार हाय. फौजेत हाय तो!"

"त्यांनीबी बूट घालून यायचं नाही."

"घ्या!" नारायणराव ओरडले. "कासवापायी तठी पोरगं अडकलं, आता अठी अंगण अडकलं!"

धम्मशीलाच्या साहेबांनी फोनवरून दोघा नवरा-बायकोला समज दिली, म्हणून निभावलं. धम्मशीला कासवाला नदीत सोडून आली. संध्याकाळी अविनाशचा फोन आला तेव्हा कौशल्याबाईंनी विचारलं, "तुमच्या सायबाहिनं त्या कासवांचं काय केलं रे?"

"फौजेचे आन् वनखात्याचे सायब नकाशा घेऊन बसले. किनाऱ्यावर दोर बांधला. दोराच्या त्या बाजूले कासवं, या बाजूले आमचा सराव, आन् तोबी ठरल्या दिवशीच. पण आई, तू काऊन विचारतं?"

"सहज," कौशल्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अंगणात दोर लागला. अर्धं अंगण अंड्यांचं, अर्धं कुरडयांचं. तुळस नेमकी हद्दीवर! कौशल्याबाईंनी दोर हातानं चाचपून पाहिला, मग धम्मशीलाला म्हणाल्या, "महादेवाले अर्धीच प्रदक्षिणा असते. धारेपर्यंत जायचं आन् मागं फिरायचं. तुळशीले चालते का व?"

"कायद्यात बसतं, काकू," धम्मशीला गंभीरपणे म्हणाली. देवळातलं कासव परत येईपर्यंत व्रताचा तांब्याही मग दोराच्या अलीकडून तुळशीलाच.

ती दर गुरुवारी तपासणीला यायची. गाव तिचं देऊळगाव राजा, जिल्ह्याचं दुसरं टोक; चार महिन्यांत घरी गेली नव्हती. पहिल्या गुरुवारी कौशल्याबाईंनी कपाटावरचा डबा उतरवला, फडकं सोडलं, दोन लाडू तिच्या हातावर ठेवले. ती म्हणाली, "माझ्या आईनंबी असाच डबा भरून ठेवला असंल." मग दर गुरुवारी दोन लाडू. नारायणरावांना तेव्हाही नाही!

संक्रांत पोराविना गेली. बायका वाणाला आल्या, कोणी काही विचारलं नाही. ते न विचारणंच जास्त लागलं.

फेब्रुवारी सरता-सरता अविनाश आला. सोळा महिन्यांनी! कौशल्याबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या. ओवाळताना काय म्हणायचं हे त्यांनी रोजच्या अर्ध्या प्रदक्षिणेत घोकून ठेवलेलं. ऑटो थांबला, पोरगा उतरला, बॅग टाकली आणि हात पसरून अंगणातून सरळ आईकडे धावत निघाला.

"थांब!" कौशल्याबाई अशा कडाडल्या की भाकरतुकडा हातातून उडाला. "बूट काढ! एक पाय पुढं टाकशीन तं पाह्य!"

अविनाश एका पायावर थबकला. समोर दोर. दोराला लाल चिंधी. मागं पाटी, खाली वनखात्याचा शिक्का.

"आई," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "तीन महिने हेच करून आलो व मी!"

घरात जाऊन त्यानं लाडवांचा डबा उघडला. आत दोन लाडू होते.

वीस दिवसांची सुट्टी. एरवी हा सकाळी जो स्टँडवर जायचा तो जेवायलाच दिसायचा. पण यंदा गल्लीतल्या कुत्र्यांना अंड्यांचा वास लागला होता, आणि त्या कामात शिकलेला माणूस गावात एकच! धम्मशीलानं काठी दिली. अविनाश वीस दिवस अंगणात बाजेवर बसला, आणि शेजारी कौशल्याबाई कुरडया घालत बसल्या. तो बोलायचा, त्या ऐकायच्या. एवढं तर तो शाळेत असतानाही घरी बसला नव्हता.

जायच्या आदल्या दिवशी माती हलली. पाच पिल्लं. धम्मशीलानं ती नदीवर नेली, सगळे मागोमाग गेले. पाचही पाण्याकडे पळाली. एकानंही मागं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बसच्या खिडकीतून अविनाशनं मात्र पाहिलं, वळण येईपर्यंत.

गुरुवारी धम्मशीला दोर सोडायला आली. कौशल्याबाई बराच वेळ घुटमळल्या, मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, ते कासव आता पुन्हा कधी अंडे घालते?"

"कामून, काकू?"

"नाई... पोराची पुढची सुट्टी दिवाळीत हाय, म्हणून म्हटलं."

"काकू, गुन्हा आहे तो!"

"हाव, हाव, ठाऊक हाय," म्हणत कौशल्याबाईंनी घाईघाईनं पदर खोचला, आणि तुळशीपाशीच्या त्या मोकळ्या मातीत, तसंच आपलं, तांब्याभर पाणी घातलं.