अल हैलमधला हरवलेला खांब

उजमा स्वतःला अल हैलमधली सर्वांत तल्लख गुप्तहेर समजे. दुसरी कुणी नसल्यामुळे ते सिद्ध करायची वेळ आली नव्हती. नजर घारीची, झोप सशाची आणि कडेवर सात महिन्यांचा झैन. एक हात कायम अडकलेला. पण विचार करायला दोन हात लागतात कुठे? आजवरची कामगिरी: झैनचं हरवलेलं टोपडं (झैनच्याच डोक्यावर होतं) आणि पातेल्यातून गायब झालेलं दूध (उतू गेलं होतं).

एप्रिल २००४ संपत आला होता. सोमवारी सकाळी शेजारच्या बंगल्याचे रखवालदार बाबामियाँ दारात मटकन बसले. त्या बंगल्यात मस्कतच्या जर्मन कुटुंबांचं परंपरा मंडळ भरत असे.

"बाय, जर्मनांचा खांब गेला! गुरुवारी रिबिनी लावून उभा करायचा होता. आनि शुक्रवारी माझं विमान. रत्नागिरीला पोरीचा निकाह हाय. बंगल्याचा मालक, आमचा अर्बाब, म्हणतो, खांब मिळेस्तवर रजा खलास."

उजमामधली गुप्तहेर जागी झाली. "बाबामियाँ, शुक्रवारी तुम्ही विमानात असाल."

"अगो उजमा," मागच्या अंगणातून सासूबाईंचा, हवाबींचा, आवाज आला, "आपला दोरीचा खांब कलतोय. दुपटी मातीत लोळतायत."

"अम्मी, इथे गुन्ह्याचा तपास चाललाय!"

मंडळाच्या चिटणीस गुद्रुनबाईंकडून तिने वर्षभराच्या कार्यक्रमांचा कागद आणला आणि झैनला केळं भरवत तो वाचला. वाचता वाचता चमचा झैनच्या कानाकडे वळला. फेब्रुवारी: मुखवटे घालून जमणे. मार्च-एप्रिल: बागेत रंगीत अंडी लपवणे. नोव्हेंबर: कंदील घेऊन गल्लोगल्ली फिरणे. डिसेंबर: दाराबाहेर बूट ठेवणे, सकाळी ते भरलेले सापडतात.

वेषांतर, माल दडवणे, टेहळणी, देवाणघेवाण! ही परंपरा नव्हे, ही टोळी.

"गुद्रुनबाई, मला सगळं कळलंय," ती जाऊन थंडपणे म्हणाली.

गुद्रुनबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, बुटात मुलांना चॉकलेटं मिळतात! आणि मे महिन्याच्या स्वागताचा हा खांब आमच्याकडे शेजारच्या गावचे लोक चोरतातच. त्यांना जेवू घातलं की परत आणून देतात. प्रथाच आहे ती. म्हणून तर या वर्षी आम्ही तो मागच्या गल्लीत फळ्यांखाली लपवला होता. अगदी टाकून दिलेल्या लाकडासारखा दिसत होता."

शेजारच्या गावचे जर्मन! म्हणजे सोहारचे. तिथे बंदराच्या कामावर चार-पाच होतेच, आणि उजमाचा नवरा ओवेसही तिथेच इंजिनियर. शनिवारी पहाटे जायचा, बुधवारी रात्री यायचा. तिने लगेच फोन लावला.

"तिथल्या जर्मनांना विचार, अल हैलचा माल तुमच्याकडे आहे का?"

"कसला माल?"

"फोनवर सांगण्यासारखा नाही."

"उजमा, तू जेवलीस का?"

"विचार रे!"

तासाभराने ओवेसचा फोन आला. "ते म्हणतात, हो, आम्हीच नेला. गुरुवारी येतो, जेवण तयार ठेवा. आता तरी सांग, कसला माल?"

"गुरुवारी कळेल," उजमा म्हणाली आणि झैनचा विजयी मुका घेतला. बाबामियाँनी त्याच दुपारी बॅग बांधायला घेतली. हवाबी पुन्हा खांबाचं काही सांगू लागल्या. उजमाने त्यांना हाताच्या इशाऱ्याने गप्प केलं.

बुधवारी साइटवर काँक्रीट चाललं होतं, म्हणून ओवेस गुरुवारी दुपारी जर्मनांसोबतच आला. जर्मन बंगल्यासमोर हात हलवत उतरले.

"खांब?" गुद्रुनबाईंनी विचारलं.

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी एकजण म्हणाला, "आम्ही नाही नेला. पण या दिवसांत माल गेला म्हणजे खांबच, हे ओळखलं आणि वाटलं, जेवण कशाला फुकट घालवा?"

बाबामियाँ दोरीने बांधलेल्या बॅगेजवळ उभे होते. ते बॅगेवरच बसले. उजमाला त्यांच्याकडे बघवेना. सशाची झोप, घारीची नजर, सगळं कुठल्या कुठे गेलं.

तेवढ्यात फाटकातून हवाबी आल्या. दोन्ही हातांत चिखलाने भरलेली दुपटी. "ओवेस, आलास? पडला बघ तुझा खांब! चार दिवस हिला सांगतेय, ऐकते कुठे!"

सगळी वरात उजमाच्या मागच्या अंगणात गेली. बारा फुटी खांब आडवा पडला होता. मातीतून उपसलेल्या टोकाला मंडळाचे निळे-पांढरे पट्टे, त्यावर झैनचं बदकांचं दुपटं.

"गल्लीत बेवारशी पडला होता," ओवेस चाचरत म्हणाला. "हिनेच गेल्या शुक्रवारी डोकं खाल्लं. दुपट्यांना दोरी हवी, दोरीला खांब हवा..."

म्हणजे गुन्ह्याची सूत्रधार खुद्द गुप्तहेर. तपासाचे चारही दिवस पुराव्यावर ती रोज बारा दुपटी वाळत घालत होती.

"चोर सापडले," गुद्रुनबाई गंभीरपणे म्हणाल्या. "नियम तो नियम. पहिलं ताट चोरांना. सोहारचे भांडी घासतील." मग त्या बाबामियाँकडे वळल्या. "आणि अर्बाबशी मी आत्ता बोलते. तुम्ही विमान गाठा."

बाबामियाँ बॅगेकडे धावले, मग खांबाकडे, मग पुन्हा बॅगेकडे. शेवटी खांब उभा करताना सगळ्यांत पुढे तेच होते. "बाय," ते उजमाला म्हणाले, "खांब घावला हां तुज्यामुळं."

"गेलाही माझ्यामुळेच, बाबामियाँ."

"ता मी गावात नाय सांगनार."

बटाट्याच्या सॅलडचं पहिलं ताट उजमाला मिळालं. तिने ते एका हाताने संपवलं, कारण दुसऱ्या हातावर झैन झोपला होता.

घरी आल्यावर हवाबींनी दुपट्यांची बादली पुढ्यात ठेवली. "आता ही कुठे वाळत घालू?"

उजमाची नजर भिंतीपलीकडे गेली. तिथे खांब रिबिनी उडवत दिमाखात उभा होता.

"नाही," ओवेस म्हणाला.