'चुकलं'चा शेवटचा डबा

चिंचखेड तालुक्यात 'सॉरी' हा इंग्रजी शब्द ज्याला पाहिजे त्याला फुकट वापरता येई, पण त्याच्या आत घालायचा अर्थ मात्र सरकारी गोदामातून अर्ज करून आणावा लागे. गोदाम तहसील कचेरीच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. अर्थ डब्यांत भरलेले आणि डब्यांवर चिठ्ठ्या. 'बाजूला व्हा'चे डबे छपरापर्यंत रचलेले. 'ऐकू आलं नाही, परत सांगा'चेही पुष्कळ. 'मिळणार नाही, निघा' हा माल तर कचेऱ्या ट्रक लावून नेत. 'वाईट वाटलं' बेताचा. 'चुकलं माझं'चं कपाट तेवढं वेगळं होतं, आणि त्याला कुलूप होतं.

लोकांना सवय झाली होती. कुणी सॉरी म्हटलं की ऐकणारा ते कानापाशी जरा हलवून बघे. आत काही वाजलं तर ठीक, नाहीतर रिकामं. बहुतेक रिकामंच निघे आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. वाटून घेऊन तरी काय उपयोग होता म्हणा!

वच्छलाबाई टेकवड्यांना मात्र वाटलं. त्यांचे मालक सदोबा कंत्राटी वायरमन होते. फाल्गुनात एका दुपारी गावची लाईन गेली. सदोबांनी सबस्टेशनला फोन करून सप्लाय बंद करून घेतला आणि पोलवर चढले. ते वर असतानाच तिकडून सप्लाय सोडला गेला. कुणी सोडला ते सबस्टेशनच्या भिंतींनाही ठाऊक होतं. अहवालात मात्र आलं, की मयत दारूच्या नशेत होता आणि स्वतःच्या चुकीने मेला. जो माणूस जन्मात सुपारीलाही शिवला नाही, त्याच्याबद्दल हे लिहिलं. पण छापील खोटं गावाला लवकर पटतं. शेजारच्या गावात दिलेली लेक कुंदा फोनवर रडायची. सासू तिला 'दारुड्याची पोर' म्हणून हाका मारायला लागली होती.

तेराव्याला वीज कचेरीचे बिडवेसाहेब आले. चप्पल न काढता ओट्यावर उभे राहून म्हणाले, "सॉरी, बाई."

वच्छलाबाईंनी हलवून बघितलं. "साहेब, यात काही नाही."

"असणार कसं?" बिडवे म्हणाले. "आमच्याकडं साठाच येत नाही. तुम्ही गोदामातून आणा, मी भरून म्हणतो. मला म्हणायला काय जातंय?"

म्हणून वच्छलाबाई गोदामात गेल्या. खिडकीत कुलथे भाऊसाहेब बसत. माणूस वाईट नव्हता. एवढी वर्षं अर्थ वाटून वाटून त्याचा आवाज मात्र पार सपाट झाला होता.

"काय पाहिजे, ताई?"

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? 'चुकलं' पाहिजे."

कुलथ्यांनी चष्मा पुसला. "'वाईट वाटलं' घेऊन जा की. कालच आलंय."

"ते सगळ्या गल्लीनं आणून दिलंय. ठेवायला जागा नाही घरात."

"मग पर्यायी माल दाखवतो." त्यांनी तीन डबे पुढं ठेवले. "हा खेद. ही दिलगिरी. हा गैरसोयीबद्दल क्षमस्व. दिलगिरी घ्या, मोठमोठे साहेब हीच नेतात."

वच्छलाबाईंनी दिलगिरीचा डबा उचलून कानाशी धरला. आत काहीतरी मऊ हललं. "यात चूक कुणाची असते?"

"कुणाचीच नसते. म्हणून तर खपते."

त्यांनी डबा खाली ठेवला. "'चुकलं' आहे का नाही, तेवढं सांगा."

कुलथ्यांनी रजिस्टर उघडून बोट फिरवलं. शिल्लक एक. नऊ वर्षांत कुणी नेलं नव्हतं. त्याआधी एका मास्तरांनी नेलं होतं, तेही न फोडता परत आलं होतं.

"एक आहे. पण ज्याला म्हणायचंय त्याचाच अर्ज लागतो."

वच्छलाबाई अर्ज घेऊन वीज कचेरीत गेल्या. बिडव्यांनी तो वाचला, घडी घातली आणि परत दिला. "सॉरी," ते म्हणाले, आणि या वेळी आत अर्थ होता. 'मिळणार नाही, निघा'. काठोकाठ भरलेला.

पुढचे चार महिने त्या दर सोमवारी गोदामात जात राहिल्या. श्रावणात कुंदाला सासूनं माहेरी पाठवली नाही. दारुड्याच्या घरी सणाला कशाला, म्हणाली. त्या सोमवारी वच्छलाबाई खिडकीशी नुसत्या उभ्या राहिल्या.

कुलथ्यांनाच राहवलं नाही. इकडंतिकडं बघून ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, एक सांगू? नियमात असं आहे, की एका घटनेला चूक एकच. ती कुणीतरी उचलली, की बाकीचे सगळे मोकळे होतात. जिवंत असोत नाहीतर मेलेले."

"म्हणजे यांच्या नावावरची जाईल?"

"जाईल. अहवाल दुरुस्त होऊन येतो. आठ दिवसांत."

"आणि कुणीही उचलली तर चालतं?"

"म्हणणारा लागतो, ताई. नियमात एवढंच आहे. खरं कोण ते विचारत नाहीत."

वच्छलाबाईंनी पदर खोचला. "द्या इकडं अर्ज. माझं नाव घाला."

डबा छोटा होता, झाकण गंजलेलं. माल चालू आहे का ते खिडकीतच तपासून द्यावं लागे, नंतर तक्रार नको म्हणून. रांगेतली माणसं मागं सरकली. वच्छलाबाई म्हणाल्या, "सॉरी. चुकलं माझं."

आणि ते चाललं. नऊ वर्षं पडून राहिलेला माल, पण कस उतरला नव्हता. म्हणताक्षणी त्यांना ती दुपार आठवली. सदोबा जेवून आडवे झाले होते. अंगात कणकण आहे, उद्या बघतो, म्हणाले होते. त्याच म्हणाल्या होत्या, की संध्याकाळी कुंदाच्या सासरची माणसं यायची आहेत, अंधारात बसवायचं का त्यांना? तेव्हा ते उठून गेले. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. त्यांनी खिडकीचा गज धरला आणि तिथंच रडल्या.

कुलथ्यांनी शिक्का मारला. "पोच घ्या, ताई."

आठव्या दिवशी नवा अहवाल आला. मयत निर्व्यसनी, कर्तव्यदक्ष. चूक पत्नीची. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं गावाला सदोबांचे गुण एकेक आठवायला लागले. चावडीसमोर फोटोला हार पडला, बिडव्यांनी भाषण केलं. बायकांनी वच्छलाबाईंना हळदीकुंकवाला तसंही बोलावणं बंद केलं होतं, आता पाणी भरायलाही त्यांच्या आधी-मागे कुणी थांबेना. कुंदाची सासू मात्र सुनेला 'देवमाणसाची लेक' म्हणू लागली. कुंदा दसऱ्याला आली, वडिलांच्या फोटोच्या पाया पडली, आईकडं न बघता परत गेली.

वच्छलाबाई तिला फाट्यापर्यंत पोचवून परत येत होत्या. मागून बिडव्यांची जीप आली. काच खाली झाली.

"सॉरी, बाई," ते म्हणाले.

वच्छलाबाईंनी सवयीनं हलवून बघितलं. आत होतं. 'बाजूला व्हा'.

त्या बाजूला झाल्या.